लाभापासून चोवीसपर्यंत

प्राध्यापक प्रफुल्ल तांबे यांनी आयुष्यात थापा फार कमी मारल्या होत्या आणि ज्या मारल्या त्या सगळ्या पचल्या होत्या. त्यामुळे तळा गावी झालेल्या क्रीडा बैठकीत "शॉट क्लॉक? आहे की आमच्याकडे!" हे वाक्य तोंडून बाहेर पडलं तेव्हा त्यांचा आवाज जराही कापला नाही. उलट वाक्य संपल्यावर त्यांनी समोरच्या बशीतलं बिस्कीट उचललं, चहात बुडवलं आणि न मोडता तोंडापर्यंत नेलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला हे साधत नाही, असा बैठकीतल्या सगळ्यांचा समज झाला.

खरा दोष मितेश घरतचा. मितेश हा हायवेकडच्या एका मोठ्या कॉलेजचा बास्केटबॉल प्रशिक्षक. घरचे ट्रक, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दोन फोन आणि दोन्ही एकाच वेळी चालू. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना कुठे घ्यायचा, एवढाच विषय होता. सामना तांबे सरांच्या आणि मितेशच्या संघांत होता. जिंकणारा पुढे मुंबईला जाणार होता. रेवसजवळच्या आपल्या कॉलेजात सामना व्हावा म्हणून तांबे सरांनी हात वर केला, तर मितेश म्हणाला, "सर, तुमच्याकडे मॅच ठेवली तर प्रेक्षकांना चादरी वाटाव्या लागतील. क्या है, तुमच्या पोरी खेळत नाहीत, बॉलला झोपवतात."

बैठक हसली. अध्यक्षसुद्धा हसले, आणि अध्यक्ष तसे कशालाच हसत नसत.

"आणि या वर्षी शॉट क्लॉक कंपल्सरी आहे," मितेश पुढे म्हणाला. "तो तुमच्याकडे कुठून येणार?"

त्यावर तांबे सरांचं ते वाक्य आलं आणि मग ते बिस्कीट.

ज्यांचा बास्केटबॉलशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बॉल एकदा एका संघाच्या हाती आला की चोवीस सेकंदांच्या आत त्यांनी तो बास्केटकडे फेकलाच पाहिजे. नाही फेकला तर बॉल समोरच्यांचा. ते चोवीस सेकंद खेळाडूंना दाखवणारं घड्याळ म्हणजे शॉट क्लॉक. जिल्ह्यातल्या छोट्या सामन्यांत आजवर हे घड्याळ नव्हतंच आणि तांबे सरांची सगळी कारकीर्द या 'नव्हतंच'वर उभी होती. सर मुळात अर्थशास्त्राचे. उंची पाहून प्राचार्यांनी त्यांच्याकडे बास्केटबॉल दिला होता. सरांनी खेळाचा अभ्यास केला आणि आपला सिद्धांत मांडला: बॉल हे भांडवल आहे, भांडवल उधळायचं नसतं. त्यांच्या मुली बॉल घेत आणि एकमेकींना देत राहत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. समोरचा संघ पळून दमे, मग चिडे, मग चुका करी आणि मग सरांच्या मुली हळूच एक बास्केट टाकत. सामने नऊ-सात, अकरा-आठ असे सुटत. तालुक्यातल्या करंडकांनी सरांची केबिन भरली होती. प्रेक्षक तेवढे कमी झाले होते, पण सरांच्या मते तो प्रेक्षकांचा दोष होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मानसी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होती आणि रोज नाना तऱ्हेच्या माणसांना सुया टोचत असल्यामुळे कशानेही दचकत नसे.

"मग आता एखादं घेऊन टाका," ती म्हणाली.

"घेणारच आहे. त्यात काय एवढं?" सर म्हणाले. आत्मविश्वासात ते कधी कमी पडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजच्या कार्यालयात गेले. कार्यालयाचे अधीक्षक महिपतराव हे असं व्यक्तिमत्त्व होतं की खडू मागितला तरी ते आधी विचारत, "मागच्याचं काय झालं?" तांबे सरांनी मागणी लिहून दिली: 'चोवीस सेकंदांचे घड्याळ, नग दोन, क्रीडा विभागासाठी.' महिपतरावांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"क्रीडा विभागाला घड्याळ लागतं?"

"लागतं."

"दोन?"

"दोन बोर्ड आहेत ना, महिपतराव. दोन्हीकडे दिसायला पाहिजे."

"म्हणजे वेळ दोन्हीकडे वेगळी असते?"

सरांनी संपूर्ण नियम समजावून सांगितला. महिपतरावांनी मान डोलावत तो संपूर्ण ऐकला. मग म्हणाले, "ठीक आहे, ठेवून जा. मी लावतो मार्गी." सर खूश झाले. महिपतराव एखादी गोष्ट मार्गी लावतो म्हणाले की ती लागतेच, हे खरं होतं. कुठल्या मार्गी, एवढंच माहीत नसे.

खोकी आली. सरांनी मुलींना बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर खोकं उघडलं आणि आतून निघालं भिंतीवरचं एक मोठं गोल घड्याळ. त्यावर बाराऐवजी चोवीस आकडे होते. दुसऱ्या खोक्यात त्याचा भाऊ.

"चोवीस सेकंदांचं घड्याळ नसतं, तांबे सर," महिपतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "चोवीस तासांचं असतं. तुमची चूक होती, मी दुरुस्त करून पाठवलं. ऑडिटला प्रश्न आला असता."

एक घड्याळ प्राचार्यांना इतकं आवडलं की ते त्यांच्या केबिनमध्ये गेलं. दुसरं ग्रंथालयात लागलं. तिथे दुपारनंतर किती वाजले हे कुणाला कळेना, त्यामुळे मुलं जास्त वेळ वाचू लागली. एकूण कॉलेजचा फायदाच झाला. फक्त क्रीडा विभाग कोरडा राहिला आणि या वर्षी घड्याळ या सदरात दुसरी खरेदी होणार नाही, हेही महिपतरावांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

दिपाली म्हात्रे ही संघाची कप्तान. शेवटच्या वर्षाला होती, मिठागरवाल्यांच्या घरातली, काळीसावळी, काटक पोरगी. इतर मुली घड्याळाला हसत होत्या, ती हसली नाही.

"सर, क्लॉक नसला तर मॅच त्यांना देणार ना?"

"नियम तसा आहे. यजमानांनी सोय केली नाही तर सामना पाहुण्यांना."

"म्हणजे आम्ही न खेळताच हरलो."

ती एवढंच बोलली आणि बॉल घेऊन गेली. सरांना ते फार लागलं. चार वर्षं या मुली पहाटे उठून, घरचं पाणी भरून मैदानावर येत होत्या. या वेळी पहिल्यांदा त्यांच्या घरची माणसं त्यांना खेळताना बघणार होती, आणि त्यांचा सामना सर एका बिस्किटाच्या तोऱ्यात हरवून बसले होते. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. म्हणजे थोडंच जेवले.

अशा वेळी शेजारी उपयोगी पडतात. तांबे सरांच्या समोर एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक तुकाराम राहत. आयुष्यभर गाड्या सोडल्यामुळे कोणतीही गोष्ट वेळेवर सुटली नाही की त्यांना अस्वस्थ होई.

"सर, घंटी!" ते आपल्या ओट्यावरून ओरडले. "दोरीला घंटी बांधा. एक दिली की थांबा, दोन दिल्या की चला. चाळीस वर्षं महाराष्ट्र त्यावर चालला."

"तुकारामभाऊ, त्यांना किती सेकंद उरले ते कळलं पाहिजे."

"एसटीत कुणाला कळतं? तरी लोक पोचतातच ना?"

शेजारच्या नीराबाईंनी कुकर सुचवला. तिसऱ्या शिट्टीला बॉल टाकायचा. डाळ कोणती आणि ती किती वेळ भिजवायची हे त्या बघतील, शिवाय सामना संपल्यावर मुलींना वरणभातही मिळेल. सरांनी त्यांचे आभार मानले. चौथ्या घरातून आलेली सूचना होती की वाशीला सिग्नलवर उलटे आकडे दाखवणारा दिवा असतो, तो कुणाला तरी ओळखीने मिळेल. कुणाला आणि कुणाच्या ओळखीने, हे सांगणारा माणूस मात्र नंतर दोन आठवडे दिसला नाही.

शेवटी मार्ग मानसीने काढला. बुद्धविहारात जयंतीच्या कमानीवर लावायचा सरकत्या अक्षरांचा विजेचा फलक होता, तो तिने मागून आणला. नामा इलेक्ट्रिशियनने तो बसवला होता. नामाने सरांचं म्हणणं ऐकलं आणि कानाला लावलेली पेन्सिल काढून हातावरच काहीतरी काढलं. "होऊन जाईल," तो म्हणाला. नामाचं हे 'होऊन जाईल' पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. काहीतरी नक्की होऊन जाई.

या वेळी खरोखर झालं. फलकावर लाल, ठसठशीत आकडे उजळले: चोवीस, तेवीस, बावीस. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आकडे उतरत एकपर्यंत आले आणि मग फलक क्षणभर विझून त्यावरून अक्षरं सरकू लागली: 'सर्वांचे हार्दिक स्वागत.'

"ते जात नाही," नामा म्हणाला. "आत बसलंय. पण चांगलंच वाक्य आहे की."

सरावाला सुरुवात झाली आणि पहिल्या दिवशी त्या फलकाने सरांच्या मुलींचं इतकं स्वागत केलं की त्या रडकुंडीला आल्या. चोवीस सेकंद म्हणजे किती थोडे, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. हळूहळू मात्र त्या पळू लागल्या. पास सरळ जाऊ लागले, बॉल बास्केटकडे उडू लागला, चुकू लागला, कधी आत पडू लागला. सर कडेला उभे राहून भांडवलाची ही उधळण बघत आणि कळवळत. "घाई नको! फिरवा!" ते ओरडत. मुली सवयीने त्यांच्याकडे बघत, बॉल फिरवत, आणि फलक त्यांचं स्वागत करी.

सामन्याच्या दिवशी मैदान भरून गेलं. लाँचवरून उतरलेली माणसंसुद्धा घरी न जाता इकडे वळली. मितेशचा संघ वातानुकूलित गाडीतून आला. मुलींचे बूट असे की मैदानालाच लाज वाटावी. पंच म्हणून श्रीवर्धनहून मृणाली मॅडम आल्या होत्या. बारीक चणीच्या, पण शिट्टी वाजवली की कुत्रीसुद्धा बसत.

"शॉट क्लॉक?" त्यांनी विचारलं.

तांबे सरांनी दोन्ही हातांनी फलकाकडे निर्देश केला. नामाने आदल्या संध्याकाळी आपल्या बुद्धीने त्याला बर्फाच्या कारखान्याचा जुना भोंगा जोडला होता. शेवटचा सेकंद संपला की भोंगा वाजावा आणि पाहुण्यांनी थक्क व्हावं, अशी योजना. नामाने बटण दाबलं. चोवीस उमटले. मग भोंगा लगेचच, मागून कुणी ढकलल्यासारखा, वाजला. फलकावर एका दमात सगळी अक्षरं उजळली, 'सर्वांचे हार्दि' इथपर्यंत वाचता आलं, आणि एक बारीक धूर निघून सगळं शांत झालं. कॉलेजातले पंखे थांबले. मग शेजारच्या गल्लीतले थांबले. मग लांब कुठेतरी चालू असलेली गिरणी थांबली.

"होऊन गेलं," नामा म्हणाला.

मितेशने चष्मा डोक्यावर सरकवला. "मॅडम, रूल्स क्लियर आहेत. मॅच आमची."

मृणाली मॅडमनी नियम काढून वाचला. "उरलेली वेळ खेळाडूंना दिसली पाहिजे किंवा ऐकू आली पाहिजे, असं आहे. चहा होईपर्यंत थांबते. तेवढ्यात सोय करा, नाहीतर सामना पाहुण्यांना."

तांबे सरांनी दिपालीकडे बघितलं. ती खाली बसून बुटाची नाडी बांधत होती, आधीच बांधलेली. सर ताठ झाले. त्यांनी कार्यालयातलं धावपटूंचं स्टॉपवॉच मागवलं आणि ते महिपतरावांच्या हातात देऊन त्यांना मैदानाच्या मध्यावर खुर्ची टाकून बसवलं. "महिपतराव, फक्त सेकंद मोठ्याने सांगायचे. कॉलेजची अब्रू तुमच्या हातात आहे."

चाचणी सुरू झाली. महिपतराव उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सर्व संबंधितांना कळवण्यात येते की चोवीस सेकंदांपैकी चार सेकंद पूर्ण झालेले असून..." इथे त्यांनी घड्याळात पाहिलं आणि सुधारणा केली, "...अकरा."

शिवाय तो आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हता. मितेश मोठ्याने हसला. मृणाली मॅडमनी कप खाली ठेवला. आणि तेवढ्यात मैदानाच्या कडेच्या पिंपळाखालून एक आवाज आला. एखाद्याला खाडीच्या पलीकडून हाक मारावी तसा.

"आरं काय तोंडातल्या तोंडात कुटतंय! असं मोजत्यात व्हय? लाभ! दोन! तीन! चार!"

ती दिपालीची आजी सखुबाई. मिठागरावर मीठ मापून देण्यात तिचं आयुष्य गेलेलं. एका टोकाला मजूर पाट्या भरत, दुसऱ्या टोकाला व्यापारी, आणि मध्ये वारा. त्या वाऱ्यावर सखुबाईचा आकडा दोन्हीकडे पोचत असे. नम्रतेचा तिला कधी त्रास झालेला नव्हता. "माझ्या मोजनीवर गलबतं भरली," असं ती कुणालाही, विचारलं नसलं तरी, सांगे.

तांबे सर तिच्याकडे अक्षरशः धावले. "आजी, चोवीसपर्यंत मोजाल?"

"चोवीस? येवढंच?" सखुबाईला अपमान झाल्यासारखा वाटला.

मृणाली मॅडमनी घड्याळ लावून तिची परीक्षा घेतली. पहिल्या खेपेला चोवीस अठरा सेकंदांतच आले. हळू घ्या म्हणून सांगितल्यावर दुसऱ्या खेपेला अर्धं मिनिट लागलं, कारण मध्येच ती कुणाला तरी "ए बाय, उन्हात नको बसू" म्हणाली. शेवटी तडजोड निघाली. घड्याळ महिपतरावांच्या हातात. ते प्रत्येक सेकंदाला बोट खाली आणणार आणि ते बोट बघून सखुबाई ओरडणार. शासन आणि जनता यांचं इतकं सुरळीत सहकार्य त्या परिसराने पूर्वी पाहिलं नव्हतं. मृणाली मॅडमनी शिट्टी मारली आणि सामना सुरू झाला.

बॉल पहिल्यांदा दिपालीच्या हाती आला. महिपतरावांचं बोट खाली आलं.

"लाभ!" सखुबाई गरजली.

"ऑब्जेक्शन!" मितेश मैदानात घुसला. "मॅडम, ये क्या चाललंय? बॉल त्यांच्या हातात आणि ही बाई ओपनली ओरडते, लाभ! म्हणजे यजमानांना लाभ? निदान लपवून तरी करा!"

खेळ थांबला. मृणाली मॅडमनी नियम पुन्हा चाळले. नियमात लाभ नव्हता.

सखुबाई कमरेवर हात ठेवून उठली. "पैल्या मापाला एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. एक म्हनलं का माप एकटं ऱ्हातं. तू कुनाचा रं?"

"मी कोच आहे."

"ते ऱ्हाऊ दे. घर कुनाचं?"

"घरत," मितेश म्हणाला. "मितेश घरत."

"म्हंजे आपल्यातलाच, आगराचाच तू. तुझ्या आजीनं भात मापताना काय म्हनलं, एक?"

मितेशने चष्मा काढला. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "लाभ म्हणायची." आणि मॅडमना, "राहू द्या. लाभ म्हणजे एकच. ऑब्जेक्शन मागे."

त्यानंतर जे झालं त्याला तांबे सर आजही सामना म्हणत नाहीत, घटना म्हणतात. फलकावरचे आकडे शांतपणे उतरतात. सखुबाईचे आकडे अंगावर येत. आकडा दहाच्या पुढे गेला की मुलींच्या पायांत वारं शिरे. वीस म्हटलं की बॉल हवेत. बॉल रिंगला लागला की पुन्हा "लाभ!" आणि आता सगळं मैदान तो लाभ तिच्याबरोबर ओरडू लागलं. तुकाराम उभे राहून हातांनी गाडी सोडल्याचे इशारे करत होते. पाहुण्या मुलीसुद्धा पळताना ओठांनी मोजत होत्या. मध्यंतरालाच दोन्ही संघांचे पंचविसाच्या वर गुण झाले. तांबे सरांच्या संघाने आख्ख्या गेल्या हंगामात इतके केले नसतील. इतकी उधळपट्टी त्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्यांना ती आवडत होती.

शेवटचं मिनिट. सत्तावन्न-छप्पन्न, पाहुणे एका गुणाने पुढे. बॉल दिपालीकडे.

आणि इथे तांबे सरांच्या आतला अर्थशास्त्रज्ञ जागा झाला. "घाई नको!" ते ओरडले. "फिरवा! फिरवा!"

मुलींनी फिरवला. चार वर्षांची सवय. इकडून तिकडे, तिकडून इकडे. "सतरा! अठरा!" दिपालीला मोकळी जागा मिळाली होती, तिने बॉल वर नेला आणि सरांकडे बघितलं. ती परवानगी मागत होती. सरांना वाटलं, अजून एक पास. मग वाटलं, नको. मग पुन्हा वाटलं, एकच. "बावीस! तेवीस!" "टाक!" सर किंचाळले. बॉल दिपालीच्या हातातून सुटला, वर गेला, रिंगला न लागता जाळीत सळकन पडला आणि मैदान फुटलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मृणाली मॅडमनी हात वर केला. मितेश खाली बसला.

"न्हाय!" सखुबाई म्हणाली.

ती इतक्या मोठ्याने म्हणाली की सगळे थांबले.

"चोवीस म्हनले मी. या आरड्यात कुनाला ऐकू आलं न्हाय. मी म्हनले तवा बॉल पोरीच्या हातात व्हता."

दिपाली वळली. "आजी!"

"तुझी आजी हाय म्हनून काय माप खोटं करू?" सखुबाई म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, महिपतरावांकडे बघितलं. महिपतराव मान खाली घालून म्हणाले, "बोट आधी खाली आलं होतं. नोंद खरी आहे."

बास्केट रद्द झाली. बॉल पाहुण्यांना. सामन्याची उरलेली वेळ अर्ध्या मिनिटाहून थोडी कमी. तांबे सरांना कळलं की हे आजीने केलेलं नाही, महिपतरावांच्या बोटानेही नाही. पोरीने वेळेत विचारलं होतं; उत्तर त्यांच्याकडून वेळेत गेलं नाही. ते बाकावर बसले. ओरडायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

पाहुण्यांना आता फक्त वेळ काढायची होती. मितेशने हाताने खूण केली: पळू नका, धरून ठेवा. त्याच्या वेगवान पोरी बॉल फिरवू लागल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"लाभ! दोन! तीन!"

पण ही विद्या त्यांची नव्हती. आणि समोर ज्या उभ्या होत्या त्या या विद्येत पदवीधर होत्या. पास देणारीचा खांदा आधी कुठे वळतो, घेणारी कधी कंटाळून पाय हलवते, मोजणी पंधराच्या पुढे गेली की कुणाचा हात ओला होतो, हे सरांच्या मुलींना आतून माहीत होतं. चार वर्षं त्यांनी दुसरं केलंच काय होतं? "सोळा! सतरा!" पाहुण्यांच्या एका मुलीचा खांदा वळला. बॉल तिच्या हातातून सुटायच्या आधीच दिपाली निघालेली होती. बॉल मध्येच तिच्या पंजात बसला. ती पळत सुटली. मैदान मोकळं. सगळे ओरडत होते, सखुबाईसुद्धा "लाभ!" एवढं म्हणून पुढचे आकडे विसरली आणि महिपतराव बोट हवेत ठेवून खुर्चीवर उभे राहिले. दिपालीने दोन पावलं टाकली, उडाली आणि बॉल बोर्डावर ठेवला. तो आत पडला.

पाहुण्यांनी लांबून शेवटचा बॉल भिरकावला. तो पिंपळाला लागला आणि मॅडमची लांब शिट्टी झाली.

अठ्ठावन्न-सत्तावन्न. दिपालीला कुणी उचललं, सखुबाईला कुणी उचललं, आणि गर्दीत महिपतरावांनाही कुणी तरी उचललं. ते घड्याळ जमा करून घ्या म्हणून वरून ओरडत होते.

मितेश गर्दीतून वाट काढत बाकापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. "मानलं, सर. आम्हाला तुमच्याच जाळ्यात ओढलंत. शेवटी काय सांगितलंत पोरींना?"

सर्व बाजूंनी माणसं ऐकत होती. प्राचार्यही येऊन उभे होते. मान किंचित वर करून एक छान वाक्य बोलायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती, आणि ते वाक्य तांबे सरांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. त्यांनी मैदानाकडे बघितलं. दिपाली आजीच्या गळ्यात पडून रडत होती.

"मी काहीच सांगितलं नाही," सर म्हणाले. "बॉल हातात आल्यावर तिने माझ्याकडे बघितलंच नाही."

आणि त्यांना इतका आनंद झाला की तेच वाक्य त्यांनी प्राचार्यांना, मग मृणाली मॅडमना, आणि घरी जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं.